दुसऱ्यांच्या निजायच्या खोल्या

कुणाच्या हॉलचं काम केलं की चहा मिळतो, बेडरूमचं केलं की किस्से मिळतात. टेप धरून आपण खोलीच्या मधोमध उभे राहिलो की घरच्या मंडळींना आपण दिसेनासेच होतो, आणि ती आपल्यादेखत काहीही बोलतात. नव्वदच्या सुमारास मी कोल्हापुरात इंटिरियरची कामं घ्यायला लागले, ती पुढं वीसेक वर्षं चालली. मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "सांग की तुझं एखादं." मी सांगते, त्या हसतात. हल्ली मला मात्र सांगून झाल्यावर जरा गप्प बसावंसं वाटतं.

*

शिरोली एमआयडीसीत फाउंड्री असलेले एक पाटील होते. बेंगलोरच्या हॉटेलात त्यांनी गोल पलंग बघितला आणि परत येऊन मला म्हणाले, "मॅडम, तसलाच पायजे. कोल्हापुरात कुणाकडं न्हाय."

माझ्या सगळ्या कामांवर सिकंदरभाई हे सुतार असायचे. प्लायवुड वाकवता वाकवता ते मेटाकुटीला आले. मखमलीची पाठ, छताला गोल पीओपी, त्यात गुलाबी दिवे. वास्तुशांतीला अख्खी गल्ली ती खोली बघून गेली.

वर्षभरानं कपाटाच्या कामाला गेले, तर पलंगावर चौकोनी चादर, चारी कोपरे खाली लोंबलेले आणि एक सुरकुती नाही.

"इथं कुणी झोपत नाही का?" मी विचारलं.

पाटलीणबाई म्हणाल्या, "ह्यांचे पाय भाईर येतात. आन् कूस बदलली की उशी कुठल्या अंगाला गेली कळतच न्हाय. आम्ही हॉलात गादी टाकतो."

पाटील खालच्या आवाजात म्हणाले, "ती खोली बघायची हाय, मॅडम. झोपायची न्हाय."

*

कांबळे सिस्टर सरकारी दवाखान्यात होत्या. माहेरी एक खोली, सासरीही एकच. आयुष्य त्यातच गेलेलं. पहिल्यांदा स्वतःची बेडरूम होणार म्हणून त्यांची एकच मागणी होती. बाहेरचा आवाज आत यायला नको. आम्ही जाड दार लावलं, फटींना रबर लावलं, जड पडदे सोडले.

थोड्याच दिवसांत त्यांचा फोन आला. "मॅडम, दाराचं कायतरी करा. झोप लागंना झालीया."

"आवाज येतोय?"

"आवाजच येत न्हाय की. सासूबाईंचा खोकला ऐकू येत न्हाय. जित्या हायत का बघायला सारखं उठावं लागतंय."

सिकंदरभाईंनी दाराला वरच्या अंगाला जाळी बसवून दिली. पुढं सासूबाई गेल्या. भेटायला गेलो तेव्हा सिकंदरभाईंनी हळूच विचारलं, "सिस्टर, जाळी बंद करून देऊ?"

त्या दाराकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. कान तिकडंच असतोय अजून."

*

कागलला हायवेलगत दोन भावांनी मिळून बंगला बांधला. थोरल्यानं मला पहिल्याच दिवशी बजावलं, "दोन्ही खोल्या मास्टरच पायजेत. धाकट्याला कमी वाटाय नको." भाऊ असावा तर असा, असं मला वाटलं.

पलंग, कपाटं, आरसे, सगळं जोडीनं केलं. पण धाकट्याच्या खिडकीतनं वारं यायचं, थोरल्याच्या खिडकीतनं यायचं नाही. त्यावरून आधी बायका बोलल्या, मग भाऊ बोलले. एक दिवस थोरला मलाच म्हणाला, "त्याची खिडकी बारीक करा."

जिन्यात बसलेली त्यांची आई म्हणाली, "बाई, आता ह्यास्नी वारं बी वाटून द्या."

तेव्हा सगळेच हसले, धाकटासुद्धा. पण पुढं दोघेही वेगळे होऊन निघून गेले. आई कुणाकडं राहिली, ते मी विचारलं नाही. बंगला हायवेवरनं दिसतो. दोन्ही खिडक्या बंद असतात.

*

आजऱ्याला काजूचे एक व्यापारी होते, देसाई. त्यांना फक्त गेस्ट बेडरूम करून घ्यायची होती. म्हणाले, "कपाटाची खुंटी खाली घ्या. हात पोचला पायजे."

कुणाचा, ते सांगेनात. शेवटी त्यांच्या बायकोनं सांगितलं. देसाईंची धाकटी बहीण, अंगानं ठेंगणी. जमिनीवरून भांडण झालं, तेव्हा देसाईंनीच तिला दाराबाहेर काढलं होतं. त्यानंतर ती आली नव्हती.

खोली छान झाली. आरसासुद्धा खाली घेतला. देसाईंनी भाच्याकरवी निरोप धाडला, आणि बहीण खरंच आली. तिनं खोलीभर फिरून बघितलं, कपाट उघडलं, खुंटीला हात लावला.

"कुणासाठी केलीस रं दादा?"

देसाई म्हणाले, "पावण्यांसाठी."

तिनं कपाट लावून घेतलं, चहा घेतला आणि संध्याकाळच्या एसटीनं गेली.

पुढं कधीतरी देसाई मला म्हणाले, "तुझ्यासाठी, असं म्हणायचं हुतं. तोंडातनं तेवढंच आलं न्हाय."

*

राजारामपुरीत माने काका-काकी राहायचे. एका घरात, एका खोलीत, पण एकमेकांशी बोलत नसत. कशावरून, ते शेजाऱ्यांनाही आठवत नव्हतं. त्यांची बेडरूम करताना निरोप्याचं काम माझ्याकडं आलं. काकी म्हणायच्या, "त्यांना विचारा, रंग कुठला?" मी बाहेर जाऊन काकांना विचारायचे.

काका आधी मलाच विचारायचे, "ती जास्त कशाकडं बघत हुती?"

"हिरव्याकडं."

"मग तिला सांगा, मला तपकिरी पायजे."

मी आत जाऊन तपकिरी म्हणायचे. काकी लगेच म्हणायच्या, "मग हिरवा द्या." काका मान हलवून पेपर उघडायचे. सगळी खोली अशीच ठरली.

काका गेल्यावर काही महिन्यांनी काकींनी मला बोलावलं. पडदे विटले होते. मी पलंगावर कापडाचे तुकडे पसरले. काकींचा हात एका पिवळ्या तुकड्यावरनं दोनदा फिरला.

"त्यांना विचारा," त्या म्हणाल्या. सवयीनंच म्हणाल्या असाव्यात. मग मान खाली घालून बसल्या.

मी उठले. बाहेरच्या खोलीत भिंतीवर काकांचा फोटो होता. त्याच्यासमोर जरा वेळ उभी राहिले आणि परत आत आले.

"काका निळा म्हणतायत."

काकींनी पदर डोळ्यांना लावला.

"मग पिवळा लावा," त्या म्हणाल्या.