मामूचे दोन कॅन

मामू आमच्याकडे गिऱ्हाईक घेऊन यायचा तेव्हा त्याच्या स्कूटरला दोन्ही बाजूंनी एकेक रिकामा कॅन लटकलेला असायचा. मुकुंदवाडी स्टेशनसमोरच्या टपरीवर बसून घरं विकणाऱ्या माणसाला रिकामे कॅन कशाला लागतात, हा प्रश्न मला कित्येक महिने पडलाच नाही. मी चित्रकलेचा मास्तर. निरीक्षण वाढवा रे, असं जन्मभर पोरांना सांगत आलेला.

घर विकायचं कारण मंगलचे, म्हणजे आमच्या सौंचे, गुडघे. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी ओझं उचलायला साफ बंदी केली. आणि आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा. त्या दिवशी घरातलं प्रत्येक माणूस हमाल. माझी पाठ त्याआधीच संपावर गेलेली. पुण्यात मुलीच्या शेजारचा तळमजल्यावरचा फ्लॅट मिळत होता, पण त्याचा मालक दिवाळीपलीकडे थांबायला तयार नव्हता. म्हणून घाई, आणि म्हणून कर्जाच्या फायली घेऊन बँकेत हेलपाटे घालणारं गिऱ्हाईक नको, नगद हवं.

"नगद अन् जेन्युइन," मामू म्हणाला, "मिळंल. पण घर दाखवायचं ते पाण्याच्याच दिवशी. अन् सर, तुम्ही नक्को बोलो कुछ भी. का विकता विचारलं तर 'पोरीजवळ जायचंय' म्हणायचं अन् हसायचं."

जेन्युइन हा त्याचा लाडका शब्द. चहा जेन्युइन, ऊन जेन्युइन, मंगलच्या हातचं थालीपीठ तर लईच जेन्युइन. ही पदवी मला मात्र त्याने कधी दिली नाही, आणि त्याला कारणं होती.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतला एक इंजिनिअर आणि त्याची बायको. बायकोने स्वयंपाकघरातला नळ सोडला. फुल्ल धार! मामूचा चेहरा उजळला. मी ठरल्याप्रमाणे हसत उभा होतो. तेवढ्यात तो पोरगा म्हणाला, "काका, घर फार नीट ठेवलंय तुम्ही." झालं. कौतुक ऐकलं की माझ्या जिभेचं हाड निघून जातं. "इथं काय बघताय, गच्चीवर चला," म्हणून मी दोघांना वर नेलं आणि ओळीने मांडलेले, झाकणांवर वार रंगवलेले माझे ड्रम दाखवले. "पुढचं पाणी येईपर्यंत आरामात पुरतं!" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चहा न घेताच गेले.

मामू पायरीवर मटकन बसला. "सर, तुम्ही घर विकताय का ड्रम?"

मग मी चिडून स्वतःच गिऱ्हाईक शोधलं. हातात सोन्याचं कडं, तोंडात "नगद, एकदम नगद." तीनदा आला, दर खेपेला पोहे खाल्ले, टेपने जिना मोजला, फोटो काढले. मी मामूला ऐकवलं, "बघा, जेन्युइन आम्हालाही ओळखता येतो." चौथ्या खेपेला त्याच्यासोबत गवंडी होता. त्याच्या स्वतःच्या नव्या घरात अस्साच जिना काढायचा होता. मंगलने त्या दिवशी पोहे केले नाहीत.

दसरा झाला. पुण्याहून फ्लॅटमालकाचा फोन आला: दुसरी पार्टी तयार आहे. मंगल गुडघ्याला तेल चोळत बसली. मी तडक टपरी गाठली. "मामू, रोज गिऱ्हाईक आणा! पाण्याच्या दिवसाचं नाटक पुरे."

"कोरड्या नळाला कोण घर घेतंय, सर?"

तेव्हा कुठे माझी नजर त्याच्या स्कूटरवर गेली. इतक्या महिन्यांचं निरीक्षण एकदम जागं झालं. गिऱ्हाईक बेडरूम बघत असताना हा मागच्या नळाशी असायचा. मी ओरडलो, "तुम्हाला गिऱ्हाईक नकोय मामू, पाणी हवंय!"

मामूने बशी खाली ठेवली. "दोन्ही हवंय, सर. खोटं कशाला बोलू? आमच्या गल्लीत नळ नुसता शिट्ट्या मारतो."

दुसऱ्या दिवशी, भर कोरड्या दिवशी, मामू एका बाईंना घेऊन आला. स्कूटरला कॅन नव्हते. बाई खुलताबादेत नर्स होत्या, नुकत्याच रिटायर झालेल्या. मंगलला "जयभीम ताई" म्हणाल्या आणि सरळ नळाशी गेल्या. नळ फुसफुसला, खोकला, गप्प झाला. मामू छताकडे बघायला लागला. मी दातांत जीभ धरून हसत उभा.

"हे असे का हसतात?" सिस्टरांनी मंगलला विचारलं. "पाणी कधी येतं, भाऊ?"

मी मामूकडे पाहिलं. "बोला सर," तो हताशपणे म्हणाला, "आता बोलाच."

"आठवड्यातून एकदा," मी म्हणालो. "आलं तर."

"मी निम्मी नोकरी टँकरच्या पाण्यावर काढलीय. मला पाण्याचं भ्या नका दाखवू. रस्त्यावरून गच्चीवर ड्रम दिसले, ते सोडून जाणार का, तेवढं सांगा."

माझे ड्रम! वार मी स्वतः रंगवले होते. "तसं पाहिलं तर..." मी सुरुवात केली. मंगलने असा चिमटा काढला की वाक्य तिथंच संपलं. "तुमचेच समजा," ती म्हणाली.

सिस्टरांकडे रिटायरमेंटचे पैसे तयार होते, कर्जाची भानगड नव्हती. रजिस्ट्री दिवाळीआधी झाली. ऑफिसातून बाहेर पडताना मामू त्यांच्याजवळ घुटमळला. "सिस्टर, एक अर्ज होता... पाण्याच्या दिवशी माझे दोन कॅन..."

"भर की. पण माझा सोमवार अन् मंगळवार आधी भरायचा."

आता पुण्यात नळ कधीही सोडावा, पाणी येतं. तरी मंगल रात्री एक बादली भरून ठेवतेच. आणि आठवड्यातून एकदा मामूचा फोन येतो. तो हॅलोसुद्धा म्हणत नाही. आमच्या जुन्या घराच्या मागच्या नळाजवळ फोन धरतो. कॅन भरत जातो तसा आवाज बारीक होत जातो.

"जेन्युइन हाय का नाय, सर?"

मी काही बोलत नाही. नुसता हसतो.