कौतुक माझं, सेटिंग मोघेसरांचं

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

आमची ग्वाल्हेरची छोटी इंटरनेट कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन झाली. आज दौलतगंज भागातले ग्राहक टनलमधून, म्हणजे दोन नेटवर्क जोडणाऱ्या आभासी वाटेने, नव्या राउटरवर न्यायचं काम माझ्याकडे होतं. लॉगिन सगळ्यांचं होत होतं, पण एकही वेबसाइट उघडेना. फोनवर फोन. एका बाईंच्या मुलीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू अर्ध्यात तुटला होता, त्या रडकुंडीला आल्या होत्या.

शेवटी मोघेसरांना फोन लावला. हे नेटवर्क त्यांनीच उभं केलं आणि विलीनीकरणात पहिली नोकरी त्यांचीच गेली. वाटलं, उचलणार नाहीत.

"अगं, टनलमध्ये डेटाचं पॅकेट मावत नाहीये. साइज कम कर, हो जाएगा," सर म्हणाले, आणि आकडाही सांगितला.

दोन मिनिटांत सगळं सुरू झालं.

मीटिंगमध्ये नव्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. सरांचं नाव ओठांवर आलं होतं. पण काढलेल्या माणसाला विचारलं म्हटल्यावर माझीही नोकरी जाईल, अशी भीती वाटली. "थँक यू" म्हणून खाली बसले.

आता सरांचा मेसेज आलाय: "चाललं ना गं? साहेब काय म्हणाले?"

अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही काय लिहिलं असतं?