हेडविगची आवक वही

हेडविगला ठाऊक आहे का? रविवारपासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. ठाऊक असेल, तर ती माझ्यासाठी गप्प बसली आहे. ठाऊक नसेल, तर काही न कळताच माझ्यापायी नोकरी गमावून बसणार आहे.

हेडविग माझी मुलगी. वय चौतीस. डिसेंबरपासून नगरपालिकेत आवक-जावक सांभाळते. आलेलं प्रत्येक पत्र, प्रत्येक ईमेल, प्रत्येक अहवाल उघडायचा, क्रमांक द्यायचा, वहीत चढवायचा. वही कुणालाही बघता येते आणि त्यातला कागद कुणालाही मागता येतो. मागणाऱ्याला नाव विचारायचं नाही, कशाला हवा हेही विचारायचं नाही. तसा कायदाच आहे.

या कामासाठीच ती जन्माला आली असावी. नऊ वर्षांची असताना दाराच्या फटीतून पडणाऱ्या टपालाची तिने वही ठेवली होती. त्यात एक नोंद अशी: "१२ मार्च. दंतवैद्याचं पत्र. बाबांनी वाचलं आणि घड्याळामागे ठेवलं." टोर्नीला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्या नोंदीमुळे दाढ काढून घ्यावी लागली. "आपल्या घरात सरकार शिरलंय," तो सुजलेल्या गालाने म्हणाला होता.

आठवीत नागरिकशास्त्रातल्या शब्दांचे अर्थ घरातली उदाहरणं देऊन लिहायचे होते. तिने लिहिलं: "संसद म्हणजे रविवारची कॉफी, तिथे सगळे बोलतात. कार्यकारी सत्ता म्हणजे बाबा, कारण गाडीची किल्ली त्यांच्याकडे असते. विरोधी पक्ष म्हणजे आई, सगळ्याच बाबतींत. लोकपाल म्हणजे सत्तेवरच्या माणसाची तक्रार ज्याच्याकडे करता येते तो. आमच्या घरी हे पद रिकामं आहे." तो कागद अजून फ्रीजवर आहे.

विरोधी पक्ष हे मला मान्य आहे. दुधाच्या खोक्यावरची तारीख मी नखाने खरवडून बघते. म्हणून हेडविगचा चार वर्षांचा मेल्कर दर सोमवारी बालवाडीतून पोट धरून यायला लागला, तेव्हा माझा संशय सरळ बालवाडीच्या विहिरीवर गेला. शनिवार-रविवार पंप बंद असतो, पाणी नळांत पडून राहतं.

"आई, लहान मुलांची पोटं दुखतात गं," हेडविग म्हणाली. "तुला प्रत्येक नळात विष दिसतं."

पण मे महिन्यात नवा ईमेल पत्ता उघडून, नाव न लिहिता, त्या विहिरीच्या पाण्याचे यंदाचे तपासणी अहवाल नगरपालिकेकडे मागितले. तो माझा हक्क होता. कारण द्यायची गरज नव्हती, तरी दिलं: 'सोमवारी मुलांना त्रास होतो म्हणून.' संशयी माणसाला गप्प बसवत नाही, हीच खोड.

तो ईमेल अर्थातच हेडविगने उघडला. वहीत यंदाच्या अहवालाची नोंदच सापडेना. तिने प्रयोगशाळेत फोन केला. अहवाल मार्चमध्येच पाठवला होता, मुख्याधिकाऱ्यांच्या नावे. मुख्याधिकारी स्टेलान. आम्ही त्याला निवडून दिलेलं नाही. निवडून दिलेल्या सभासदांनी नेमलेला तो नोकर आहे, पण खुर्चीत बसल्यावर हा फरक त्याला आठवत नसावा.

त्याने ड्रॉवरमधून अहवाल काढला. "अगं, गडबडीत राहून गेला. ९ मार्चचीच नोंद टाक, काय फरक पडतो?"

"मग वही कशाला ठेवायची, स्टेलान?" असं म्हणून तिने लिहिलं: आला ९ मार्च, नोंद १४ मे.

पाण्यात जंतू मर्यादेच्या वर निघाले. आता बालवाडीत पाणी उकळतात. मेल्करचं पोट त्यानेच दुखत होतं का, हे कुणीच छातीठोक सांगत नाही. पण दर गुरुवारी वही चाळायला येणाऱ्या बातमीदाराने त्या दोन तारखा शेजारी शेजारी छापल्या, आणि स्टेलानने हेडविगला आत बोलावून दार लावलं.

हे सगळं आम्हाला कळलं ते परवा, रविवारच्या कॉफीला. वेलदोड्याचा पाव तिने तसाच ठेवला होता.

"म्हणतो, हे आतल्याच कुणाचं तरी काम आहे. कोण आहे ती व्यक्ती? मी म्हटलं, विचारायला मनाई आहे. तर म्हणे, मी सहज विचारतोय. म्हटलं, सहजसुद्धा."

"शाब्बास!" टोर्नी म्हणाला.

"शाब्बास काय, बाबा? माझी सहा महिन्यांची मुदत शुक्रवारी संपते. जिच्यावर विश्वास नाही तिला कायम करणार नाही म्हणाला. गुरुवारपर्यंत आठवून बघ म्हणाला."

मी बशा उचलायला लागले. तेवढ्यात ती म्हणाली, "त्या ईमेलमध्ये सोमवारचा उल्लेख आहे. सोमवारचं मी बालवाडीतही बोलले नव्हते. फक्त या टेबलावर... आई..." आणि पावाचा तुकडा तोंडात कोंबला. "नाही. मी काहीही विचारलेलं नाही."

"घरातसुद्धा?" टोर्नी म्हणाला. "इथे तू सरकार नाहीस, पोरी."

"कळलं तर स्टेलानसमोर माझ्या चेहऱ्यावर दिसेल."

जाताना तिने मला नेहमीपेक्षा जास्त वेळ मिठी मारली. त्या मिठीचाही मला संशय आला. ती माफी होती, की कशाची माफी मागायची हे मला सुचवत होती?

आज मी लोकपालांना तक्रार लिहिली. खुद्द मुख्याधिकारी कागद मागणाऱ्याचं नाव विचारतो आणि त्यासाठी एका कर्मचाऱ्याला धमकावतो, एवढीच. खाली माझं पूर्ण नाव घातलं. टोर्नीने वाचून चष्मा काढला.

"ही तक्रार खुलाशासाठी कुठे जाईल, माहीत आहे ना?"

"नगरपालिकेकडे."

"आणि पाकीट कोण उघडेल?"

तेच. शुक्रवारनंतर नोकरी टिकली, तर हेडविगच उघडेल. तारखेचा शिक्का मारेल, क्रमांक देईल आणि पाठवणाऱ्याच्या रकान्याशी पोचेल. तिथे काय लिहायचं हे तिला कुणी सांगायला नको. स्टेलान म्हणेल, बघा, मायलेकींनी मिळून घडवून आणलं. म्हणू दे. तिला खरं ठाऊक नव्हतं, हे मी कुठेही येऊन सांगेन. पण माझं नाव तिला पहिल्यांदा आवक वहीत भेटणार असेल, तर मी त्या घड्याळामागच्या पत्रापेक्षा वेगळं काय केलं?

पाकीट अजून टेबलावरच आहे. बंद केलेलं नाही. ते जाऊ द्यायचं की नाही हे तिने ठरवायचं, नोकरी तिची आहे. सकाळी आठला ती नगरपालिकेची होते. सातला ती घरी मेल्करचा दुसरा मोजा शोधत असते. विचारायला तिला मनाई आहे, मला सांगायला नाही. मी सातला फोन करणार आहे.