शेवंताच्या पाच रेघा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळही नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी यातली एक गोष्ट दरवर्षी सांगत आले, पण ती वेगळी. तिच्यात फसवली गेलेली मी असते. ऐकताना मुली हळहळतात, एखादी डोळेही पुसते, आणि मी खडू उचलून पुढच्या मुद्द्याकडे वळते. ती गोष्ट खोटी आहे. खरी सांगायची तर — कुठून सुरुवात करू? डाळीपासूनच करते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धुळ्याला मी समाजकार्य शिकत होते. आमच्या सरांना कपाटात पडून राहणाऱ्या संशोधनाचा तिटकारा होता. एखाद्या कामाच्या जागी जा, राबणाऱ्यांनाच विचारा काय बदलायला हवं, ते बदलून बघा, आणि फरक पडला की नाही ते प्रामाणिकपणे लिहा — असं त्यांचं म्हणणं. जळगावातल्या एका डाळमिलच्या शेठनी तशी परवानगी दिली होती. तिथं डाळ निवडायला तीसेक बायका बसत आणि दुपारनंतर त्यांचं काम मंदावे. ते का, एवढंच शोधायचं होतं.

सरांनी मला निवडलं ते माझ्या हुशारीवर भाळून नव्हे. मी पाचोऱ्याकडची, घरात अहिराणी. वसतिगृहात तोंडून 'आहे'ऐवजी 'शे' निघालं की मुली फिदीफिदी हसत, म्हणून दोन वर्षांत मी ती बोली जिभेवरून घासून काढली होती. सर म्हणाले, "अगं, तीच तुझी किल्ली आहे." झालं. जिची लाज वाटत होती ती बोली पुन्हा तोंडात घेऊन मी जळगावच्या एसटीत बसले.

आणि किल्ली लागली हो. पहिल्याच दिवशी "काय माय, कशी शेतस?" म्हटलं, आणि बायकांनी सरकून जागा दिली. "आपलीच आंडेर शे ती," असं एक म्हातारी म्हणाली. आंडेर म्हणजे मुलगी. ती म्हातारी भागाक्का. साठीच्या पुढची, कपाळावर मोठं गोंदण, डोळे सदा पाणावलेले. तिच्या शेजारी बसायची ती शेवंता — तिशीची, सडपातळ, बोलायला कमी आणि हाताला अशी चलाख की खडा नेमका कधी उडाला ते दिसूच नये.

कामाची रीत समजून घ्या, नाहीतर माझं पाप तुम्हाला कळायचं नाही. प्रत्येकीनं पाटीतून सूपभर डाळ घ्यायची, खडे आणि काळे दाणे वेचायचे आणि भरलं सूप उचलून मुकादमासमोरच्या पोत्यात ओतायचं. मुकादम भिंतीवरच्या फळ्यावर तिच्या नावापुढे खडूची एक रेघ ओढणार. संध्याकाळपर्यंत दहा रेघा व्हायलाच हव्यात. जिच्या सलग चार दिवस कमी भरल्या, तिला पाचव्या दिवशी फाटकातूनच परत पाठवत.

बायकांचं काम जवळून कळावं म्हणून पहिल्या आठवड्यात एक दिवस मीही सूप घेऊन बसले. मुकादमानं गमतीनं माझंही नाव फळ्यावर लिहिलं, 'कॉलेजवाल्या ताई'. दुपारपर्यंत माझी मान मोडायची वेळ आली आणि रेघा किती? दोन. मी तिसऱ्या सुपातले खडे हुडकत बसले होते, तेवढ्यात शेवंतानं स्वतःचं निवडलेलं भरलं सूप माझ्यापुढे सरकवलं आणि माझं अर्धवट सूप आपल्या मांडीवर ओढलं. माझ्याकडे पाहिलंही नाही. "ऊठ, टाकी ये," म्हणाली. मी उठले, ओतून आले. मुकादमानं माझ्या नावापुढे रेघ ओढली.

तेव्हा मला दिसलं. एकदा दिसल्यावर मग सगळीकडे तेच दिसायला लागलं. चलाख हातांच्या बायका आपली दहा सुपं भरली की पुढची स्वतःच्या नावावर ओतत नव्हत्या. पोटुशी होती तिला, तापातून उठलेली होती तिला, भागाक्काला — हळूच सूप सरकवत. ओतायला मात्र जिचं तिनं जायचं. त्यांचा त्याला शब्दही होता, 'सूप देणं'. चलाख बायकांच्या रेघा दहावर थांबत, म्हणून दुपारनंतर काम मंदावतं असं शेठना वाटे, ते हेच. काम मंदावत नव्हतंच, ते वाटलं जात होतं.

जेवणाच्या सुट्टीत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवत भागाक्कानं मला सगळं सांगितलं.

"मन्हा डोया गयात, पोरी. दाणा न् खडा माले एकच दिखस. ह्या बठ्ठ्या सूप देतस म्हनीसन मी आठे शे." सगळ्या सूप देत, म्हणूनच ती तिथं टिकली होती. मग माझा हात दाबून, "कोनले सांगू नको, माय."

मी आईची शपथ घेतली. आईची — आणि तीही अहिराणीत.

अहवालात काय लिहावं? सरांना मी विचारलं. ते म्हणाले, असं काही सांभाळून घेणं आहे एवढं मोघम लिही, चांगुलपणा म्हणून लिही, पण नाव एकाही बाईचं नको. बसण्याच्या जागांचा नकाशा मी काढला होता, त्यावर पेन्सिलीनं नावं होती. "खोडलीस ना?" असं सरांनी दोनदा विचारलं. हो, खोडली होती. रबरानं कागद झिजेपर्यंत खोडली होती. मग सरांनी तो नावांविना नकाशा अहवालासोबत शेठकडे पाठवला.

आता ती गोष्ट, जी मी वर्गात सांगते. तिच्यात सर तो नकाशा नावांसकट शेठकडे पाठवतात. तिच्यात एका भाबड्या विद्यार्थिनीचा तिचेच गुरू केसानं गळा कापतात, आणि गरीब बायका कामाला मुकतात. म्हणून मुलींनो, आपली टिपणं कुणाच्याही हाती देऊ नका — असं तात्पर्य. किती छान बसतं, नाही? इतकी वर्षं सांगून सांगून मला खरोखरच दगा झाल्यासारखं वाटायला लागलं. सरांचं नाव निघालं की छातीत काहीतरी दुखायचं. खोटं दुखणं इतकं खरं दुखू शकतं?

सरांनी काही केलं नाही. मी केलं.

शेठनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. पंखा, खुर्ची, कैरीचं पन्हं. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगते, नाहीतर दोष त्यांच्यावर ढकलायला मला बरं वाटेल. अहवाल त्यांनी खुणा करत वाचला होता. छतात उजेडासाठी काचेचे पत्रे, बसायला लाकडी पाट, गार पाण्याचा माठ — मी सुचवलेलं सगळं ते करणार होते, आणि पुढे केलंही. म्हणाले, "ताई, आमचे वडील तीस वर्षं ही मिल चालवत होते, त्यांना जे दिसलं नाही ते तुम्ही तीन आठवड्यांत पाहिलंत." बावीस वर्षांची मी. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले — सरसर चढले. मग त्यांनी सहज विचारलं, "पण हे सांभाळून घेणं म्हणजे नेमकं कोण कोणाला?"

मी गप्प बसू शकले असते. 'माहीत नाही' म्हणता आलं असतं — हे शब्द मला येत होते, पुढे मी ते वापरलेच. पण मला किती माहीत आहे ते मला दाखवायचं होतं. फक्त तेवढंच. कुणी धमकावलं नाही, कसलं आमिष दाखवलं नाही. मी सांगितलं की शेवंता दिवसाला पंधरा सुपं सहज काढते. सांगितलं की भागाक्काची स्वतःची चारही होत नाहीत. आणखी तिघींची नावं घेतली. शेठ मान डोलवत ऐकत होते, आणि मी बोलत होते, पन्ह्याचे घोट घेत. वेलदोडा जरा जास्त झाला होता त्यात, एवढं आजही आठवतं.

महिन्याभरानं बदल किती उपयोगी पडले ते पाहायला मी पुन्हा गेले. शेडमध्ये लख्ख उजेड होता. बायका पाटांवर बसल्या होत्या आणि चार पाट रिकामे होते. भागाक्काचा त्यातला एक. चौघींना फाटकातून परत पाठवलं होतं. आणि शेवंता? तिला शेठनी पोती शिवायला सावलीत बसवलं होतं. बढतीच ती. 'कुशल हातांना उत्तेजन द्यावे' — हे वाक्य माझ्याच अहवालातलं.

सगळ्या बायकांचा हिशेब सरळ होता. चौघी गेल्या, एक वर चढली. मग चुगली कुणी केली हे वेगळं सांगायला हवं? शेवंताशी कुणी बोलत नव्हतं. जेवायला ती पोत्यांच्या थप्पीमागे एकटी बसे. वर्षानुवर्षं ज्यांच्यापुढे तिनं सूप सरकवलं, त्या तिच्या भाकरीला शिवत नव्हत्या.

जेवणाच्या सुट्टीत माझ्याभोवती घोळका झाला. अजूनही मी त्यांची आंडेर होते. संशय माझ्यावर गेलाच नाही, कारण त्यांची बोली बोलणारी, आईची शपथ घेणारी पोर असं करेल हे त्यांच्या डोक्यात यायलाच जागा नव्हती. एकीनं विचारलं, "शेवंतानीच सांगं ना, पोरी? तुले माहीत व्हई."

शेवंता तिथंच होती. चार हातांवर, नव्या माठापाशी, पेल्यात पाणी घेत. तिनं पेला तोंडाशी नेला नाही. माझ्याकडे पाहत राहिली. तिला ठाऊक होतं की आपण सांगितलं नाही. भागाक्कानं स्वतःच्या पोटावर पाय आणला नसता. बाकीच्या बायकांना शेठच्या खोलीत कुणी बोलावत नसे. मग उरलं कोण? हे कोडं सोडवायला काही समाजकार्याची पदवी लागत नाही.

ती बोलली असती तर? मी रडले असते, पाय धरले असते, कदाचित आज बरी माणूस असते. पण ती बोलली नाही. ती वाट पाहत होती — मी बोलण्याची.

मी म्हणाले, "माले काय माहीत?"

तीन शब्द. ज्या बोलीत त्यांनी मला जवळ घेतलं, त्याच बोलीत. त्यानंतर मी मान खाली घालून वहीत काहीतरी लिहिल्याचं सोंग केलं. मान वर केली तेव्हा पेला माठावर पालथा ठेवलेला होता आणि शेवंता पोत्यांकडे निघाली होती.

पुढे दोनेक महिन्यांनी मुकादम बसस्टँडवर भेटला. त्याच्याकडून कळलं की शेवंता मिल सोडून सावद्याकडे केळी भरण्याच्या कामाला गेली. बढतीचं काम सोडून उन्हात घड उचलायला! तो नवल करत होता, आणि मी मिठाची गुळणी धरून ऐकत होते. भागाक्काचं काय झालं ते मी विचारलं नाही. विचारता आलं असतं. गाडी सुटायला वेळ होता.

तो अहवाल गाजला. त्यावरच मला धुळ्याला नोकरी लागली आणि नव्वदच्या दशकात मी तोच विषय शिकवायला लागले — विश्वास कसा मिळवावा, कसा जपावा. नाकानं कांदे सोलण्यात माझा हात धरणारी दुसरी बाई तुम्हाला खानदेशात मिळायची नाही. एका परिसंवादात मी ती माझी गोष्ट सांगितली, सरांचं नाव न घेता, 'माझे एक मार्गदर्शक' म्हणून. सर पुढच्याच रांगेत बसलेले होते, निवृत्त झालेले. ते येतील हे मला माहीत नव्हतं. थांबता आलं असतं तरी मी थांबले नाही.

चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता फुटलं. तर माझ्या दंडाला हात लावून म्हणाले, "तू खोडली होतीस असं मला आठवत होतं. पण मीच एकदा तपासायला हवं होतं. माझ्याकडून राहिलं बघ." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. आपण चार बायकांची भाकरी घालवली, असं त्या माणसानं मनावर घेतलं. माझ्या शब्दावर घेतलं. आणि मी — मी म्हणाले, "जाऊ द्या हो सर, झालं ते झालं." वर मीच त्यांना क्षमा केली.

सर आता नाहीत. हे ओझं घेऊनच ते गेले.

मला तुमच्याकडून काही नको. नुसतं खरं कागदावर मांडायचं होतं, तेही एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतं. मी निवडायला बसले होते त्या दिवशी संध्याकाळी मुकादमानं फळा पुसायच्या आधी सगळ्यांच्या रेघा मोठ्यानं वाचल्या. माझ्या नावापुढे सात होत्या. बायका कौतुकानं हसल्या, आणि मीही हसले. त्यातल्या दोन माझ्या होत्या. पाच शेवंताच्या होत्या.