पितृपक्षातलं बाळ

माझी पत्नी गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेली. तिचं दिवसकार्य करणारे गुरुजी मनवेलपाड्याला राहतात. हेल्मेट मांडीवर घेऊन बसतात आणि बोललेलं दोनदा बोलतात. विधी चालू असतानाही मला "पाणी प्या, पाणी प्या," म्हणत होते.

यंदा मुलीच्या पोटातलं बाळ पायाळू निघालं. डॉक्टरांनी सिझेरियनला दिलेला आठवडा पितृपक्षात येत होता. विहीणबाई म्हणाल्या, "त्यापेक्षा पंधरा दिवस आधी, गणपतीत उरकू." इतक्या लवकर काढलं तर बाळाला श्वासाचा त्रास होऊ शकतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी विहीणबाईंनी मुहूर्तासाठी गुरुजींना बोलावलंच.

गुरुजींनी पंचांग पिशवीतून काढलं नाही.

"डॉक्टरांचाच आठवडा धरा, धरा."

"अहो, पण पितृपक्ष!"

"त्यातच अविधवा नवमी आहे. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचा दिवस. वर्षश्राद्ध झालं, आता वहिनी यंदा पहिल्यांदाच येणार. नातवंड बघू द्या की त्यांना, बघू द्या."

विहीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "मग नवमीच सांगा डॉक्टरांना," त्या मला म्हणाल्या.

नात नवमीला झाली आणि लगेच मोठ्यानं रडली. आता घरात बाळंतपणाला आलेली मुलगी, तिची मुलगी आणि मी आहोत.