सतरावी जागा

आठवीत आम्ही एकतीस मुलं होतो आणि माझी जागा सतरावी. हे आकडे अजून पक्के आहेत, कारण माझं सगळं इंग्रजी त्यांच्यावर उभं होतं.

इंग्रजीचे सर निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. विलीनीकरणानंतर परंडा तालुक्यातल्या आमच्या शाळेत आले. धड्याखालचे प्रश्न ते पहिल्या जागेपासून ओळीनं विचारत. तासाआधी मी जागा मोजायचो, गैरहजर मुलं वजा करायचो आणि ज्याचा त्याला प्रश्न वाटून द्यायचो. ज्यानं त्यानं तेवढं एक उत्तर पाठ करायचं. त्याचा अर्थ कुणाला कळत नव्हता; मलाही नाही.

माझे वडील गवंडी. सहामाहीत मला इंग्रजीत शंभरात एकोणीस पडले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, वार्षिकला नापास झालास तर थापी घे आणि माझ्यासंगं चल. मला शाळा सोडायची नव्हती.

चैत्रात पाचव्या जागेवरचा मुलगा सोनारीच्या यात्रेला गेला. त्याला वजा करून मी पुढच्या सगळ्यांना एकेक प्रश्न अलीकडचा दिला. तास सुरू झाला आणि तो कपाळाला गुलाल लावून आला, जागेवर बसला. पाचवा प्रश्न त्याला गेला, तो माझ्याकडं बघायला लागला. सहाव्याला सरांनी विचारलं, गाय कुठं आहे? त्यानं ठणकावून सांगितलं, "ही इज माय अंकल, सर." सातव्याला विचारलं, तुझा भाऊ काय करतो? तो म्हणाला, झाडाखाली आहे.

सरांनी पुस्तक मिटलं. "ही मोजदाद कुणाची, जनाब?"

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी उभा राहिलो. आता छडी, आणि घरी निरोप. सरांनी माझी रीत विचारून घेतली, बोटांवर ताडून पाहिली.

"हिशेब बरोबर आहे तुझा. आलेला माणूस तेवढा धरला न्हाईस." मग म्हणाले, "चूक माझी. उत्तर ठाऊक असताना मी विचारत बसतो. आता तू विचार. तुला ठाऊक नसेल तेच विचार."

मला टेबलापाशी उभं करून ते स्वतः सतराव्या जागेवर बसले. मला आकड्यांचंच सुचलं.

"सर, हाऊ मेनी माइल्स युवर व्हिलेज?"

"ट्वेंटी-सिक्स. आय गो बाय सायकल. एव्हरी सॅटरडे."

"व्हाय, सर?"

"माय मदर कॅनॉट सी," सर सावकाश म्हणाले. "शी वेट्स फॉर मी."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आई आंधळी हाय रं त्यांची." अर्थ कुणी सांगितला नव्हता, तरी आम्हाला कळलं होतं.

तेव्हापासून रोज शेवटची दहा मिनिटं आम्ही विचारायचो. यात्रेवाल्याला तर सोनारीच्या रथाबद्दल इतकं विचारलं, की तो घरून उत्तरं जुळवून यायचा.

वार्षिकला त्रेचाळीस पडले. पास व्हायला किती लागतात, वडिलांनी विचारलं. पस्तीस, मी म्हणालो. "आठ जास्ती," म्हणाले, आणि मी नापास झालो तर म्हणून काढून ठेवलेली जुनी थापी परत पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी ते पहिल्यांदा शाळेत आले. सर खुर्ची देत होते, पण ते बसले नाहीत. वर्गाच्या पायरीचा एक दगड कधीचा डुगडुगत होता, तेवढा त्यांनी त्याच थापीनं नीट बसवून दिला.