काशीबाईच्या काठवटीतलं सोनं

अन्याय झाला तो काशीबाईवर. धारूरची काशीबाई, जातीने आणि धंद्याने झारेकरीण. दिवस चैत्र वद्य पंचमी, मंगळवार, सकाळी नऊचा सुमार. जागा गारमाळाखालच्या गावची चावडी. तिथे सगळ्या गावासमोर तिला लबाड ठरवलं आणि तिची काठवट काढून घेतली. हे मी मुद्दाम आधी लिहितो. कारण पुढचं वाचून बरेचजण एवढंच लक्षात ठेवतील की डोंगरातून आवाज आला. आवाज आला, खरं आहे. पण आवाजाने कुणाच्या पोटावर पाय दिला नाही. तो माणसांनी दिला.

माझ्याबद्दल थोडं. मी वेठबिगारीविरुद्ध पत्रकं लिहितो. करणी, भानामती, अंगात येणं यांच्याविरुद्धही दोन पत्रकं काढली. सोलापुरात छापून, जोंधळ्याच्या पोत्यांखाली घालून निजामाच्या हद्दीत आणली आणि बाजारच्या दिवशी वाटली. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आजही नाही. तरी जे झालं ते झालं.

त्या हंगामात पोटासाठी मी हैदराबादच्या एका कंपनीकडे मुन्शी होतो. कंपनीचं नाव आणि तिच्या एजंटचं नाव मी लिहिलं होतं, संपादकांनी गाळलं. असो. धारूरच्या घाटाच्या कडेला गारमाळ नावाचा उघडा माळ आहे. सगळा बालाघाट काळ्या पाषाणाचा, पण या माळावर पांढऱ्या गारगोट्यांचा नुसता सडा. मधोमध काळ्या दगडातून गारेची एक शीर वर आलेली, हातभर रुंद, चाळीस-पन्नास पावलं लांब. रायचुराकडे अशाच पांढऱ्या गारेतून सोनं निघतं, म्हणून एजंटच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

दगडांचे जाणकार म्हणून राघवन साहेब आले होते. दक्षिणेतल्या खाणींत शिकलेले, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं, "रायचूरचा दगड फार जुना, दाबून घड्या पडलेला. हा तुमचा दगड वितळून सांडलेला, थरावर थर. याच्या भेगेत गार भरते, सोनं नाही भरत." पण गारेत चौकोनी गंजके खड्डे होते. लोखंडाचं काही खनिज सडून गेल्याची ती खूण, आणि अशा खुणेजवळ कधी कधी सोनं सापडतं. तेव्हा तपासणं भाग होतं.

तपासायला काशीबाईला बोलावलं. झारेकरी म्हणजे सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीची राख विकत घेऊन, पाण्यात धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणारे लोक. तिच्याकडे सासूच्या वेळची लाकडी काठवट होती, हात लागून लागून आतून काळी गुळगुळीत झालेली. कुटलेला दगड तीत घ्यायचा, पाण्यात हलके हलके फिरवायचा. हलकं वाहून जातं, जड राहतं. सगळ्यात शेवटी काळी रेती, आणि असलंच तर तिच्या टोकाला सोन्याचं पिवळं शेपूट.

आता नीट वाचा. शिरेच्या पूर्ण रुंदीवरून दगड मी फोडला. पोत्यात मी भरला. लोखंडी खलात मी कुटला, मीच वस्त्रगाळ केला. काशीबाईने त्याला हात लावला तो थेट माळाच्या कडेच्या ओढ्यावर, आणि त्याआधी तिची काठवट मी माझ्या हाताने राखेने घासून धुतली होती. साहेबांचा नियमच होता तसा.

दुपारची वेळ. खोदकाम करणारे वडार लिंबाखाली भाकरी खात बसलेले. त्यांचा मुकादम यल्लप्पा मला चिडवत होता, "मुन्शीजी, तुमच्या पत्रकानं खडक फुटत असता तर आमाला सुरुंग कावून लागला असता बे?" सगळे हसले. मीही हसलो.

काशीबाईने पहिली काठवट फिरवली आणि तळाशी थोडी रेती उरल्यावर ती सगळीच पाण्यात सोडायला निघाली.

मी ओरडलो, "मावशी, हे काय?"

"पहिलं पाण्याचं असतंय, लेकरा. आमच्यात पहिली काठवट बघत बी न्हाईत. सोडून द्यायची."

"इथं रीतभात चालायची नाही. हे सॅम्पल आहे. एक कण इकडचा तिकडे व्हायला नको."

तिने हात थांबवले. माझ्याकडे पाहिलं, मग ओढ्याच्या काठच्या खडकाकडे पाहिलं. म्हणाली, "ऐक की जरा. खाली कुटायलेत."

मी ऐकलं. धप्... धप्... धप्. खलात दगड कुटताना येतो तसा, पण खालून, लांबून. मी खडकावर तळहात टेकवला. हाताला ठोका लागत होता. आमचा खल माझ्या शेजारी रिकामा पडला होता. वडारांचे हात भाकरीत होते. आसपास शेत नाही, मोट नाही, वस्ती नाही. मी तीसपर्यंत ठोके मोजले. भीती वाटली नाही... खरं सांगायचं तर शेजारच्या घरात बाई दळायला बसलीय, इतकंच वाटलं.

"मावशी, कोण आहे?"

"मला रं काय ठावं? कुणाचं तरी काम चाललंय. म्हनून म्हनते, पहिलं सोडू दे."

मी सोडू दिलं नाही. काठवट तिच्या हातून घेतली, पाणी निथळवलं. काळ्या रेतीच्या टोकाला पिवळं शेपूट होतं. नऊ कण. मान वर केली तेव्हा ठोके थांबले होते.

साहेबांनी लेन्स लावून कितीतरी वेळ पाहिलं. "सोनंच आहे," एवढं म्हणून कण कागदाच्या पुडीत बांधले. एजंटने मात्र त्याच दिवशी हैदराबादला कळवून टाकलं की सोन्याची शीर हाती लागली. त्याच पोत्यातली उरलेली पूड आम्ही धुतली, तर काही नाही. दुसरं पोतं, काही नाही. सात ठिकाणी चर खणले. शीर कमरेएवढ्या खोलीवर निमुळती होऊन संपली, खाली सलग काळा पाषाण. जिथे माझा हात टेकला होता तो खडकही फोडायला लावला. पोकळी नाही, भुयार नाही, बोटभर भेगसुद्धा नाही.

मग हैदराबादचे बडे लोक बघायला आले. दाखवायला काहीच नाही! एजंटला कुणीतरी बळी हवा होता. झारेकरणीकडे सोन्याचे कण असतातच, तिनेच काम लांबावं म्हणून टाकले... संपलं. चावडीवर तिला उभी केली.

ती म्हणाली, "मी तर सोडून देत व्हते. यानं सोडू दिलं न्हाई. खाली कुटत व्हतं, मी सांगितलं याला."

एजंट हसला. "ऐका मंडळी, डोंगर कुटतो म्हणे! आता दळण बी घालंल." लोक खिदळले. मग तो माझ्याकडे वळला, "काय मुन्शीजी? तुम्ही तर शिकलेले, पत्रकवाले. तुम्हाला आलं का ऐकू?"

काशीबाई म्हणाली, "सांग की, लेकरा."

दोन पत्रकं माझ्या नावाने गावोगाव गेलेली. समोर तीच माणसं, ज्यांना मी बाजारात उभा राहून सांगितलं होतं की असलं काही नसतं. मी म्हणालो, "मला काही ऐकू आलं नाही."

तिने मला शिवी दिली नाही. नुसता पदर सारखा केला. पाटील म्हणाले, "एक खोटं निघालं, तर दुसरंबी खोटंच." काठवट चावडीत जमा झाली. नंतर मी घसा फोडून सांगितलं की दगड मी कुटला, भांडं मी धुतलं. पण आता कोण ऐकतो? माझी साक्ष मीच खाल्ली होती.

राघवन साहेब चावडीत खाली मान घालून बसले होते. निघताना गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "सोनाराच्या केरातला कण कानशीने खरवडलेला असतो, वळलेला, सांध्याचा डाक लागलेला. ते नऊ कण कच्चे होते. दोन कणांना तर गार चिकटलेली होती. असलं सोनं त्या बाईकडे येणारच कुठून?" मी विचारलं, हे तिथे का नाही बोललात? म्हणाले, "मग ते या डोंगरात कुठून आलं, हेही सांगावं लागलं असतं. मला ते माहीत नाही." गाडी गेली. पुडी त्यांच्याबरोबर गेली.

मलाही माहीत नाही. नंतर चार वेळा त्या ओढ्यावर जाऊन बसलो, खडकाला हात लावून. काही नाही. वाऱ्याचा आवाज असेल म्हणावं तर वारा नव्हता. भास म्हणावा तर दोघांना एकदम? आणि सोनं तर भास नव्हतं. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि नसलेलं स्पष्टीकरण मी रचणार नाही. मात्र आता कुणीतरी त्या फोडलेल्या खडकाला शेंदूर फासलाय म्हणे. तोही मला मान्य नाही. न कळलेल्या गोष्टीला देव करणं आणि न कळलेल्या गोष्टीपायी बाईला लबाड ठरवणं, दोन्ही सारखंच आळशी काम.

चैत्रापासून धारूर, तेलगाव, परळी, एकही सोनार काशीबाईला केर देत नाही. "सोनं टाकणारी बाई" म्हणतात. तिला दुसरं काम येत नाही, येण्याची गरजही नव्हती. मी माफी मागायला गेलो तर म्हणाली, "मला माफी काय करायची? चावडीत बोलला न्हाईस ते आता चारचौघांत बोल."

म्हणून बोलतो. ठोके मी ऐकले. माझ्या हाताला लागले. चावडीत मी खोटं बोललो, काशीबाई खरं बोलली.

आता तुम्ही. हे वाचणारा सोनार असेल, तर उद्या दुकान झाडल्यावर केर फेकू नका, काशीबाईला निरोप धाडा. सोनार नसाल, तर हे पान घेऊन तुमच्या गल्लीतल्या सोनाराच्या पेढीवर जा आणि त्याला वाचून दाखवा. आवाज कसला होता हे मला विचारू नका. काठवट अजून चावडीत का आहे, हे पाटलांना विचारा.